एका मताचा पत्ता

ओमाहाच्या विमानतळावरून गावात यायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात तुम्ही नेब्रास्का सोडता, आयोवात शिरता आणि पुन्हा नेब्रास्कात येता. नदी कुठेच ओलांडावी लागत नाही. नकाशावर हिशेब साधा आहे: मिझुरी नदीच्या पूर्वेला आयोवा, पश्चिमेला नेब्रास्का. पण ॲबट ड्राइव्ह नावाच्या रस्त्यावर मध्येच आयोवाची पाटी येते, आणि जरा पुढे गेलं की परत नेब्रास्का सुरू. मधल्या तुकड्याचं नाव कार्टर लेक. वस्ती जेमतेम पावणेचार हजार.

भानगड अशी झाली की १८७७ साली मिझुरीला पूर आला आणि नदीनं आपला एक मोठा वळसा तोडून सरळ वाट धरली. जुन्या पात्राचं वाकडं तळं उरलं आणि आतली जमीन न हलता नदीच्या अलीकडे, नेब्रास्काच्या बाजूला आली. दोन्ही राज्यं कोर्टात गेली. १८९२ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: नदी हळूहळू सरकली तर तिच्याबरोबर सीमाही सरकते, एकदम उडी मारली तर सीमा जुन्या जागीच राहते. त्यामुळे कार्टर लेक आयोवाचं ते आयोवाचंच राहिलं.

इतर वेळी ही पाहुण्यांना सांगायची गंमत असते. दर चार वर्षांनी मात्र तिला वेगळीच धार येते. कार्टर लेकमध्ये राहणाऱ्याचं मत आयोवाच्या खात्यात जातं, जिथे निकाल काय लागणार हे २०२४ च्या बहुतेक काळात सगळेच गृहीत धरून होते. रस्त्याच्या पलीकडे, ओमाहाच्या हद्दीत राहणाऱ्याचं मत मात्र अशा एका जागेसाठी पडतं, जिच्यावर अख्ख्या देशाचा राष्ट्राध्यक्ष ठरू शकला असता. टीव्हीची केंद्रं दोघांना एकच. म्हणजे शेजाऱ्याचं मत वळवण्यासाठी कोट्यवधी डॉलर ओतून केलेल्या जाहिराती कार्टर लेकवाल्यांनी रोज संध्याकाळी जेवताना बघायच्या, आणि आपल्याला कुणी काही विचारतच नाही हेही बघायचं.

मी ओमाहात राहते. नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा मतदान करायला मिळणार याचा आनंद होता. या देशात मत माणसापेक्षा त्याच्या पत्त्याला जास्त चिकटलेलं असतं, हे कळायला मात्र एक अख्खी निवडणूक जवळून बघावी लागली.

आधी नियम सांगून टाकते, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची देशभर अशी एक निवडणूक होतच नाही. प्रत्येक राज्याला इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी, मिळतात: काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, कनिष्ठ सभागृहात त्या राज्याच्या जागा असतील तेवढे, अधिक सिनेटचे, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचे, दोन. कनिष्ठ सभागृहाचे ४३५, सिनेटचे १००, आणि १९६१ च्या घटनादुरुस्तीनं राजधानी वॉशिंग्टनला दिलेले ३, असे एकूण ५३८. जिंकायला २७० लागतात. ४८ राज्यांत आणि राजधानीत नियम एकच: राज्यात ज्याला एक मत जास्त पडेल, त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर. राहिली मेन आणि नेब्रास्का. या दोन राज्यांत सिनेटच्या हिश्श्याचे दोन इलेक्टर राज्यभरच्या विजेत्याला मिळतात आणि बाकीचा एकेक, काँग्रेसच्या त्या त्या मतदारसंघात जो पुढे असेल त्याला. म्हणजे नीट मोजलं तर एका रात्रीत ५६ निवडणुका होतात, आणि त्यातली एक आमची, ओमाहाची.

नेब्रास्काचे इलेक्टर पाच. राज्य अठरा विश्वे रिपब्लिकन. राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट उमेदवार राज्यभर जिंकल्याला साठ वर्षं होऊन गेली. पण दुसऱ्या मतदारसंघात ओमाहा शहर येतं आणि तिथे पारडं कधी इकडे, कधी तिकडे. मतदारसंघवार वाटणीचा कायदा १९९१ साली झाला, तरी पाचही मतं एकाच बाजूला पडत राहिली. २००८ मध्ये ओबामांनी इथे ऑफिस थाटलं, माणसं लावली आणि ते एक मत उचललं. तेव्हा गावाला ‘ओबामाहा’ म्हणायची टूम निघाली होती. २०१२ आणि २०१६ मध्ये मत परत रिपब्लिकनांकडे, २०२० मध्ये बायडनकडे.

*

बाबा तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी निवडणुकीची ड्युटी इतक्या वेळा केली की आमच्या घरात सुतळी, लाख आणि कापडी पिशव्यांची गणती पाठ असायची. आदल्या दिवशी तहसीलला साहित्य घ्यायचं, एसटीनं कुठल्या तरी वाडीवर जायचं, शाळेच्या वर्गात सतरंजी टाकून झोपायचं, पहाटे उठून पोलिंग एजंटांसमोर मॉक पोल घ्यायचा. बोटाला शाई लावणाऱ्या माणसानं ती नखावर आणि कातडीवर दोन्हीकडे येईल अशी ओढली पाहिजे, याबद्दल ते फार काटेकोर. २०२४ च्या ऑक्टोबरात मी टपालानं आलेली मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर ठेवून त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवली. लांबलचक कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. राष्ट्राध्यक्षापासून सुरुवात, मग सिनेट, काँग्रेस, राज्याची विधानसभा, कुठकुठली मंडळं, न्यायाधीशाला ठेवायचं की नाही, आणि शेवटी राज्याच्या कायद्यांवरचे प्रश्न. प्रत्येकापुढे एक लांबट गोल, तो काळ्या पेननं भरायचा.

“एवढं सगळं एकाच कागदावर?” बाबा म्हणाले. “आणि हा कागद तुझ्या घरात आला कसा? सही कोण घेतं, ओळख कोण पटवतं?”

मी सांगितलं. अर्ज केला की घरी येतो, पाकिटावर सही करायची, आणि ओळखपत्राचा नंबर अर्जात द्यायचा.

“बरं, निवडणूक आयोगाचा माणूस कधी येतो?”

“बाबा, आयोगच नाही.”

“म्हणजे?”

“देशाची निवडणूक घेणारा असा आयोग नाही. फेडरल इलेक्शन कमिशन म्हणून एक आहे, ते प्रचाराचे पैसे बघतं. यादी, मतपत्रिका, मोजणी सगळं राज्याकडं आणि काउंटीकडं. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा.”

“काउंटीत साहेब कोण असतो?”

“बहुतेक ठिकाणी निवडून आलेला क्लार्क. आमच्या डग्लस काउंटीत आयुक्त आहे, तो राज्यपाल नेमतात.”

“मग ठीक आहे,” बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे राजभवन असणार. इथला राज्यपाल म्हणजे लोकांनी पक्षाच्या तिकिटावर निवडून दिलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा माणूस. तेही सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता.

“आणि निकाल कोण जाहीर करतं?”

त्या रात्री तरी टीव्हीवाले, हे माझं उत्तर त्यांना चेष्टाच वाटली. पण खरंच तसं आहे. प्रत्येक राज्य आपापला अधिकृत निकाल पुढे काही आठवड्यांनी प्रमाणित करतं. निवडणुकीच्या रात्री जग ज्याला निकाल म्हणून धरतं, तो असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था आणि वाहिन्यांची आकडेमोड करणारी मंडळी सांगत असतात. असोसिएटेड प्रेस हे काम १८४८ पासून करतेय. बाबांना याहून मोठा धक्का बसला तो मतदानाला सुट्टी नसते याचा. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार, हा दिवस १८४५ च्या कायद्यानं ठरला. रविवार चर्चचा, आणि काउंटीच्या गावी घोडागाडीनं पोचायला एक दिवस हवा, असा त्याचा खुलासा सांगतात. घोडागाड्या गेल्या, मंगळवार राहिला.

“अगं पण आपल्या राष्ट्रपतींचंही असंच असतंय की,” बाबांनी बाजू सावरली. “आमदारांच्या मताला किंमत असते.”

असते. आणि ही तुलना उगाच नाही, कारण तिथेच दोन्हींतला फरक नेमका दिसतो. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ होतं, उत्तर प्रदेशच्या २०८, सिक्कीमच्या ७. हे मूल्य लोकसंख्येवरून काढलेलं, तीही १९७१ ची. पण हेतू सरळ आहे, मोठ्या राज्याच्या आमदारामागे जास्त माणसं उभी आहेत तर त्याचं मत जास्त भारी. शिवाय महाराष्ट्रातले १०० आमदार एकीकडे आणि बाकीचे दुसरीकडे गेले तर मतं तशीच वाटली जातात. अमेरिकेत वाटली जात नाहीत. २०२० साली ट्रम्प यांना सगळ्यात जास्त मतं कुठल्या राज्यानं दिली? टेक्सासनं नाही, फ्लोरिडानंही नाही. कॅलिफोर्नियानं, ६० लाखांहून जास्त. त्यांतून मिळालेले इलेक्टर शून्य. त्या साठ लाख माणसांनी घरी बसून भाजी निवडली असती तरी निकालात तसूभर फरक पडला नसता.

अर्थात दोन्ही पदांत नावापलीकडे फारसं साम्य नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हे स्पष्टच केलं होतं: अमेरिकेचा अध्यक्ष राज्यकारभार चालवतो, आपला राष्ट्रपती राष्ट्राचा प्रमुख असतो, कारभाराचा नाही. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, पण रोजच्या रोज जाब विचारण्याची सोय कमी. आपण जाब विचारण्याला पसंती दिली, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडची वाकडी वाट शोभेच्या पदाकडे जाते, म्हणून ती खपून जाते. इथे तीच वाट अण्वस्त्रांच्या बटणापर्यंत नेते.

*

ही पद्धत कुणी शहाण्यांनी विचारपूर्वक घडवली, असं शाळेच्या पुस्तकांत लिहितात. १७८७ मध्ये घटना लिहायला फिलाडेल्फियात भरलेल्या बैठकीची हकिगत वाचली की मला तरी तसं वाटत नाही. उन्हाळाभर त्यांचं एकमत होईना. अध्यक्ष काँग्रेसनं निवडावा म्हटलं तर तो काँग्रेसचा मिंधा होणार. लोकांनी निवडावा म्हटलं तर एवढ्या पसरलेल्या देशात कोण कुणाला ओळखतं? आणि दक्षिणेकडच्या राज्यांची एक अडचण होती, जिच्याबद्दल जेम्स मॅडिसन त्याच बैठकीत बोलले: त्यांच्याकडे माणसं खूप, पण त्यांतले कितीतरी गुलाम, आणि गुलामाला मत नाही. थेट निवडणूक झाली तर उत्तर जिंकणार. काँग्रेसच्या जागा ठरवताना एका गुलामाला तीन पंचमांश माणूस धरायचं, हे आधीच ठरलं होतं. इलेक्टरांची संख्या त्या जागांना बांधून टाकली आणि प्रश्न मिटला. ज्यांना मत नव्हतं, त्यांच्या डोक्यांवर त्यांच्या मालकांचं वजन वाढलं. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं अध्यक्ष दक्षिणेतल्या व्हर्जिनियाचा होता. सप्टेंबर उजाडला होता, सगळे कंटाळले होते, एका समितीनं हा तोडगा पुढे केला आणि तो पास झाला. कंटाळा हे घटना लिहिण्यामागचं एक मोठं कारण असावं, असं मला वाटत आलंय.

पण आजचं जे दुखणं आहे, जिंकेल त्याला सगळं, ते घटनेत नाहीच. इलेक्टर कसे नेमायचे हे घटनेनं प्रत्येक राज्याच्या विधिमंडळावर सोडलं. सुरुवातीला कुणी मतदारसंघवार निवडत, कुणी विधिमंडळातच ठरवून टाकत. १८०० च्या निवडणुकीआधी व्हर्जिनियातल्या उमेदवार जेफर्सनच्या माणसांच्या लक्षात आलं की मतदारसंघवार गेलो तर काही मतं विरोधकांना जातील. त्यांनी नियम बदलला: सगळी मतं राज्यभरच्या विजेत्याला. तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये विरोधी उमेदवार ॲडम्सच्या माणसांनी ते पाहिलं आणि लोकांकडून निवड काढून घेऊन विधिमंडळाकडे दिली, म्हणजे आपलंही एक मत फुटायला नको. एकानं केलं म्हणून दुसऱ्यानं केलं, दुसऱ्यानं केलं म्हणून तिसऱ्यानं, आणि १८३६ पर्यंत जवळजवळ सगळा देश ‘जिंकेल त्याला सगळं’वर आला. तत्त्व वगैरे काही नव्हतं. आपलं फुटू नये, एवढंच.

ज्या वर्षी मिझुरीनं कार्टर लेकचा वळसा तोडला, त्याच वर्षी या पद्धतीनं सगळ्यात मोठी किंमत वसूल केली. १८७६ च्या निवडणुकीत डेमोक्रॅट सॅम्युएल टिल्डन यांना देशभरात जास्त मतं होती आणि १८४ इलेक्टर हातात होते. एक कमी पडत होता. फ्लोरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलायना या तीन राज्यांतून दोन-दोन निकाल आले, दोन्ही बाजूंचे, दोन्ही सही-शिक्क्यांसह. ऑरेगनच्या एका इलेक्टरवरही वाद. मोजायचे कुठले, हे घटनेत नव्हतं. १५ जणांचं मंडळ नेमलं, त्यानं प्रत्येक वाद ८ विरुद्ध ७ नं रदरफर्ड हेज यांच्या बाजूनं सोडवला आणि हेज १८५-१८४ असे निवडून आले. शपथविधी दोनच दिवसांवर आला तेव्हा, १८७७ च्या मार्चमध्ये, मोजणी संपली. डेमोक्रॅटांनी ते गिळलं, कारण बदल्यात दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं जाणार होतं. ते घेतलं गेलं. यादवी युद्धानंतर मताचा हक्क मिळालेल्या काळ्या नागरिकांचं मत पुढच्या काही वर्षांत धाकानं, करानं आणि परीक्षांनी हिसकावून घेतलं गेलं, ते १९६५ च्या कायद्यापर्यंत. टिल्डन की हेज, हा प्रश्न आज कुणाला आठवतही नाही. त्या सौद्याचं बिल ज्यांनी भरलं, त्यांना कुणी मेजावर बोलावलं नव्हतं.

त्यापुढचे प्रसंग वाचकांना माहीत असतील: २००० मध्ये फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं अल गोर यांचा पराभव, २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मतं जास्त असूनही पराभव. मला त्यांच्यापेक्षा २०२० चा आकडा जास्त अस्वस्थ करतो, कारण तो निकाल ‘बरोबर’ लागला म्हणून कुणी त्याकडे बघत नाही. बायडन देशभरात ७० लाखांनी पुढे होते. पण ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतली त्यांची आघाडी एकत्र केली तर ४३ हजारही भरत नाही. ती तीन राज्यं तेवढ्यानं हातची गेली असती तर २६९-२६९. आणि त्यांच्या २६९ मधलं एक, ओमाहाचं.

बरोबरी झाली तर काय? तर निवड कनिष्ठ सभागृहाकडे जाते, पण तिथेही खासदार एकेक मत देत नाहीत. राज्याला एक मत. पावणेसहा लाखांच्या वायोमिंगला एक, चार कोटींच्या आसपास असलेल्या कॅलिफोर्नियाला एक. जिंकायला २६ राज्यं. आपले बेळगावकडचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून निवडून येऊन तिथे बसले. अशी वेळ आली तर त्यांनाही आधी मिशिगनच्या तेरा जणांत बसून ठरवावं लागेल, आणि तेरांचं मिळून एक मत पडेल.

*

२०२४ च्या उन्हाळ्यात ओमाहात पाट्या उगवायला लागल्या. पांढऱ्या पाटीवर फक्त एक निळा ठिपका. नाव नाही, घोषणा नाही. टीव्हीच्या नकाशावर रिपब्लिकन लाल आणि डेमोक्रॅट निळे; तिथल्या लालभडक नेब्रास्कात आम्ही निळा ठिपका म्हणून दिसतो, त्यावरून. एका गल्लीत एक पाटी दिसे, पुढच्या आठवड्यात सात. उत्तर म्हणून मग काही अंगणांत लाल पाट्या आल्या, राज्याचा आकार आणि ट्रम्प यांचं नाव घेऊन. आमच्या गणपतीला आरती झाल्यावर पार्किंगमध्ये एका काकांनी गाडीची डिकी उघडली तर आत निळ्या ठिपक्यांची चवड. “कुणाला पाहिजे?” असं ते प्रसाद वाटावा तसं विचारत होते. गंमत म्हणजे तिथे जमलेल्यांत निम्म्याहून जास्त जणांना मतच नव्हतं, कुणी एच-वनवर, कुणी ग्रीन कार्डवर. पाटी लावायला मात्र व्हिसा लागत नाही. एका वहिनींनी ती घेतली, मग भाड्याच्या घराच्या मालकाचा विचार करून परत दिली. दुसऱ्या एकानं सरळ सांगितलं की तो लालवाला आहे, आणि मोदक घेऊन निघून गेला. कुणी वाद घातला नाही. पुढच्या वर्षीही सजावटीला त्याचाच ट्रक लागणार होता.

एवढा जीव का टाकायचा एका मतासाठी? कारण गणित. डेमोक्रॅटांचा सोपा मार्ग म्हणजे त्यांची नेहमीची राज्यं, अधिक पेनसिल्व्हेनिया १९, मिशिगन १५, विस्कॉन्सिन १०. बेरीज येते २६९. ओमाहा धरलं तर २७०. ओमाहा नसेल तर बरोबरी, आणि मग वर सांगितलेला राज्याला-एक-मत खेळ, ज्यात रिपब्लिकनांची राज्यं जास्त.

हे गणित दुसऱ्या बाजूलाही येत होतं. मग सप्टेंबरात साउथ कॅरोलायनाचे सिनेटर लिंडसे ग्रॅहम लिंकनला, आमच्या राज्याच्या राजधानीत, येऊन आमदारांना भेटले: नियम बदला, पाचही मतं एकत्र करा. वेळ नामी निवडली होती. मेननं आधी बजावलं होतं की तुम्ही बदललं तर आम्हीही बदलू, म्हणजे तिथलं रिपब्लिकनांना मिळणारं एक मत जाईल आणि फिटंफाट होईल. पण मेनमध्ये साधा कायदा अधिवेशन संपल्यानंतर ९० दिवसांनी अमलात येतो. सप्टेंबरात नेब्रास्कानं हलवलं असतं तर मेनला उत्तर द्यायला वेळच उरला नसता. व्हर्जिनिया आणि मॅसॅच्युसेट्सचा डाव सव्वादोनशे वर्षांनी परत मांडला होता, फक्त या वेळी घड्याळ लावून.

नेब्रास्काचं विधिमंडळ देशात एकमेव एकसभागृही आहे. ४९ सदस्य, त्यांना सिनेटर म्हणतात, आणि मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्ष नसतो. अडवणूक मोडून कायदा पुढे रेटायचा तर ३३ मतं लागतात. सगळ्यांचे डोळे ओमाहाच्या माइक मॅकडॉनेल यांच्यावर लागले: पूर्वी अग्निशमन दलातल्या कामगार संघटनेचे नेते, अनेक वर्षं डेमोक्रॅट, त्याच वर्षी रिपब्लिकन झालेले. पक्ष बदलला म्हणजे हेही करतील असा हिशेब होता. २३ सप्टेंबरला त्यांनी सांगितलं, निवडणूक इतकी जवळ आल्यावर नियम बदलणं मला पटत नाही. विषय संपला. ३३ कोटींहून जास्त लोकांचा देश, आणि त्या काही दिवसांत त्याचं भवितव्य ओमाहाच्या एका माजी फायरमनच्या होकार-नकारावर टांगलेलं होतं. नकार आला याचं मला बरं वाटलं, पण एवढं एकाच माणसाच्या हातात असावं हे मला आजही पचलेलं नाही.

निकाल लागला तेव्हा त्या एका मताची गरजच पडली नाही. ट्रम्प ३१२, डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस २२६. सातही अटीतटीची राज्यं ट्रम्प यांच्याकडे, देशभरची मतंही जास्त. ओमाहानं हॅरिस यांना साडेचार टक्क्यांच्या आसपास आघाडी दिली. आणि त्याच मतदारसंघानं, त्याच कागदावर, काँग्रेससाठी रिपब्लिकन डॉन बेकन यांना परत निवडून दिलं. म्हणजे हजारो लोकांनी एक गोल निळा भरला आणि खालचा लाल. पक्षाच्या चिन्हावर शिक्का मारून मोकळं व्हायची सवय असलेल्या मला हे बघून फार बरं वाटलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे लोकं वाचून मत देतात?” काही देतात.

१७ डिसेंबरला पाच इलेक्टर लिंकनला जमले. त्यांची नावं मतपत्रिकेवर नव्हती, रस्त्यात भेटले तर मी ओळखणार नाही. नेब्रास्कात त्यांना ठरल्याप्रमाणेच मत द्यावं लागतं. तसं बंधन राज्य घालू शकतं हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं मान्य केलं. २०१६ ला असं बंधन सगळीकडे पक्कं नव्हतं, तेव्हा सात इलेक्टरांनी भलत्यांनाच मतं दिली होती. सह्या केलेले कागद वॉशिंग्टनला गेले आणि ६ जानेवारीला काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत महोगनीच्या पेट्यांतून काढून एकेक राज्य वाचलं गेलं. अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष, म्हणजे स्वतः हॅरिस. स्वतःच्या पराभवाची बेरीज त्यांनीच वाचून दाखवली. २००१ मध्ये हीच पाळी अल गोर यांच्यावर आली होती. २०२१ च्या ६ जानेवारीला याच बैठकीवर जमाव चालून गेला होता. त्यानंतर २०२२ च्या कायद्यानं उपराष्ट्राध्यक्षाचं काम निव्वळ औपचारिक असल्याचं लिहून ठेवलं आणि हरकत घ्यायला दोन्ही सभागृहांतले एक पंचमांश सदस्य लागतील असं केलं. या वेळी हरकत आली नाही. अर्ध्या तासात आटोपलं.

ही सगळी वळणं काढून टाकायचे प्रयत्न झाले आहेत. १९६९ मध्ये थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती कनिष्ठ सभागृहात प्रचंड बहुमतानं पास झाली आणि पुढच्या वर्षी सिनेटमध्ये अडवून मारली गेली. आता काही राज्यांनी आपसात करार केलाय की २७० इतके इलेक्टर जमले की आम्ही सगळे देशभरच्या विजेत्याला मतं देऊ. २०२४ पर्यंत १७ राज्यं आणि राजधानी मिळून २०९ झाले होते. मला थेट निवडणूक हवी आहे. आणि ती आली तर ओमाहाला कुणी कुत्रंही विचारणार नाही, हेही मला माहीत आहे. हे दोन्ही मी एकाच तोंडानं म्हणते, आणि माझ्या ओळखीतले बरेच ओमाहाकर असंच म्हणतात, जरा आवाज खाली करून.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पाच मतं एकत्र करण्याचा प्रस्ताव लिंकनमध्ये पुन्हा आला. ३३ हवी होती, ३१ पडली. तो परत येणार, यात शंका नाही. ४९ पैकी साधारण निम्मे सिनेटर दर दोन वर्षांनी निवडले जातात, आणि २०२६ साठी आमच्या भागातून उभे राहणारे एक गृहस्थ मध्ये दारावर आले होते. हातात पत्रकं, पायात चालायचे बूट, बरोबर कंटाळलेली मुलगी. मी दारातच विचारलं, इलेक्टरांच्या प्रस्तावावर तुम्ही काय कराल? ते म्हणाले, फार चांगला प्रश्न विचारलात, आणि पुढची दहा मिनिटं मालमत्ता करावर बोलले.